चेहरा चौकटीत ठेवा

"मी, रामकृष्ण सीताराम काळमेघ, रुग्ण इंदुमती रामकृष्ण काळमेघ यांचा पती, वरील सर्व सूचना वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत. रुग्णाच्या प्रकृतीची संपूर्ण माहिती मला—"

बाबा थांबले.

फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा एका हिरव्या चौकटीत होता. खाली वाक्य सरकत होतं. ते थांबले तरी वाक्य सरकत राहिलं, त्यांच्या हनुवटीखालून निघून गेलं.

"वाचा ना बाबा."

"मला काय?"

"देण्यात आली आहे. संपूर्ण माहिती मला देण्यात आली आहे. मग एकच ओळ राहते."

"कोणी दिली?"

चौकट लाल झाली. मग पडदा पांढरा.

वेळ संपली. कृपया पुन्हा सुरुवात करा.

*

पुन्हा सुरुवात.

अकोला, जठारपेठ, कोरोनाचं दुसरं वर्ष, एप्रिल. आमच्या दाराला महापालिकेचा कागद चिकटवलेला आणि जिन्याच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले. आत मी आणि बाबा, दोघंही पॉझिटिव्ह, दोघंही नुसते खोकत. आई आत नव्हती. आई हॉस्पिटलात होती, तोंडाला मोठा मास्क लावून, आणि तिथे कोणालाही जाता येत नव्हतं. जायचं तर फोनमधून जायचं. हॉस्पिटलनं ॲप काढलं होतं. ज्याच्या नंबरवर पेशंट भरती केला त्याच्याच नंबरवर व्हिडिओ कॉल लागायचा, आणि लागण्याआधी त्या माणसानं सगळ्या सूचना खालपर्यंत सरकवायच्या, "मला मान्य आहे" दाबायचं, मग कॅमेऱ्यासमोर तोंड धरून एक वाक्य मोठ्यानं वाचायचं. ते रेकॉर्ड व्हायचं. पुढे कोर्टकचेरी झाली तर हॉस्पिटलच्या हातात हवं म्हणून.

नंबर बाबांचा होता.

आणि बाबांनी तीस वर्षं न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून काढली होती. साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याला शपथ देण्याचं काम त्यांचं. "ईश्वरसाक्ष सांगतो की खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." साक्षीदार घाईघाईत पुटपुटला तर बाबा त्याला पुन्हा म्हणायला लावत. जज्ज साहेब घड्याळाकडे बघत, तरी लावत. घरी आई वऱ्हाडीत बोलायची, बाबा कोर्टाच्या भाषेत. आई म्हणायची, "या मानसाले भूक लागली तरी अर्ज केल्यासारखी सांगते."

आता मला जे माहीत होतं ते. सकाळी डॉक्टर लढ्ढांचा माझ्या फोनवर फोन आला होता; भरतीच्या कागदावर दुसरा नंबर माझा होता. मास्कवर भागत नाहीये. संध्याकाळी नळी टाकावी लागेल. नळी टाकली की बोलता येत नाही, गुंगीत ठेवतात. "तुमच्या बाबांना साडेचारचा स्लॉट देतो, ताई. बोलून घ्या." त्यांनी "शेवटचं" हा शब्द वापरला नाही. वापरायचा नाही हे ठरवून जे सावकाश बोलतात, तसे ते बोलले.

मी बाबांना म्हणाले, शाळेतून फोन होता.

*

"मी, रामकृष्ण सीताराम काळमेघ—"

"बाबा, आधी मान्य आहे दाबा."

"आधी वाचू दे."

"मघाशी वाचलं ना सगळं!"

"मघाशी ते परत पहिल्या पानावर गेलं. काय सांगावं, मधे बदललं असेल."

त्यांनी भिंग काढलं. भिंग फोनवर धरलं की अक्षरं मोठी व्हायची आणि बोट चुकून लागलं की पान पळायचं. खिडकीतला कूलर पाणी ओढत होता. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. रस्ता तापून वितळल्यासारखा दिसत होता.

"नेटवर्क तुटल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही," बाबांनी वाचलं. "बरोबर आहे. रुग्णाची स्थिती पाहून नातेवाइकांस मानसिक त्रास झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही. ठीक. रुग्णाच्या अंगावरील दागिने— ते तर मी काढून ठेवले. कॉलदरम्यान रुग्णास दिलेल्या आश्वासनांस रुग्णालय जबाबदार राहणार नाही." त्यांनी भिंग खाली केलं. "हेमा, मग जबाबदार राहणार कोण? एवढं सगळं आहे तर कोणीतरी राहीलच ना."

"कोणी नाही राहत. सगळे दाबतात आणि पुढे जातात."

"सगळे साक्षीदारही हेच म्हणायचे."

"तुम्ही साक्षीदार नाही हो! तुम्ही आईशी बोलणारे आहात!"

"मग मला वाचायला काय लावताहेत?"

चार वाजून गेले होते. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, सरसर खाली सरकवला, "मला मान्य आहे" दाबलं आणि परत त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हरकत घेतली नाही. दाबणं मी दाबलं होतं. ते त्यांच्या हिशोबात माझ्या माथी. हिरवी चौकट आली.

चेहरा चौकटीत ठेवा. वाक्य पूर्ण वाचा.

"...वरील सर्व सूचना वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत. रुग्णाच्या प्रकृतीची संपूर्ण माहिती मला देण्यात आलेली नाही."

चौकट लाल.

आवाज जुळला नाही. कृपया पुन्हा सुरुवात करा.

"बाबा!"

"खरं तेच बोललो."

"त्याला खरं नको आहे. त्याला त्याचं वाक्य पाहिजे!"

"आरोपीच्या वकिलालाही त्याचंच वाक्य पाहिजे असायचं," बाबा म्हणाले. त्यांना खोकला आला. खोकला संपेपर्यंत त्यांनी बोट वर धरून ठेवलं, म्हणजे त्यांचं म्हणणं अजून संपलेलं नव्हतं. "तिला ऑक्सिजन किती लागतो, मला माहीत नाही. औषधं काय, माहीत नाही. पाच दिवसांत एक डॉक्टर माझ्याशी बोललेला नाही. संपूर्ण माहिती देण्यात आली म्हणे! कॅमेऱ्यात पाहून म्हणायचं! उद्या इंदूचं काही झालं आणि मी विचारायला गेलो, तर ते माझाच आवाज मला ऐकवतील."

हे त्यांनी शांतपणे सांगितलं. ते बरोबर होते. आणि साडेचार वाजत आले होते.

*

मी हेल्पडेस्कला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. ही माझी चूक म्हणायची की नशीब, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नमस्कार, अंकुश बोलतोय, काय मदत करू?" पोरगा दमलेला होता. पाठीमागे आणखी दहा फोन वाजत होते.

बाबांनी नाव सांगितलं, पत्नीचं नाव सांगितलं, वाक्य सांगितलं. "हे वाक्य, जिथे मी खोटा ठरतो तेवढं गाळून वाचलं तर चालेल का?"

"सर, ते फक्त फॉर्मॅलिटी हाये."

"फॉर्मॅलिटी म्हणजे?"

"म्हणजे वाचाचं न सोडून द्याचं, सर. सगळे वाचतात."

"बेटा, कॅमेऱ्यासमोर वाचून मग सोडून कसं द्यायचं? तुम्ही तर ते ठेवून घेता."

अंकुश हसला. बरेच तास न हसलेला माणूस हसतो तसा. "सर, तुमी वकील हाये का?"

"नाही. मी वकिलांना गप्प बसवणारा होतो."

"थांबा सर, मी तुमची फाइल पाहतो." टकटक आवाज. "सर, यात तं माहिती दिल्याची नोंद हाये. आज सकाळी. डॉक्टर लढ्ढा सरांनी नातेवाइकाले फोनवर पूर्ण कल्पना दिली. हेमलता मॅडम, मुलगी. म्हणजे माहिती देण्यात आली ना, सर. वाचून टाका बिनधास्त."

मी स्पीकर बंद केला. उशीर झाला होता.

बाबांनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

"शाळेतून फोन होता," ते म्हणाले.

*

इथे मी थोडं मागे जाते. फार नाही. आठ-दहा दिवस.

नानाकाका, बाबांचा धाकटा भाऊ, अमरावतीला होता. त्याला नळी टाकली. नळी टाकण्याआधी त्यानं व्हिडिओवरून बाबांना हात दाखवला आणि बाबांनी त्याच्यासमोर चेहरा असा केला, असा, की मला तो सांगता येणार नाही. सगळं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. नानानं ते वाचलं. हात खाली ठेवला. दोन दिवसांनी गेला. त्यानंतर आमच्या घरात बाबांनी 'नळी' हा शब्द उच्चारला नाही. सलाइनच्या नळीलाही ते "ते" म्हणत.

आई शेजारी बसून तो कॉल पाहत होती.

*

"उभी राहा," बाबा म्हणाले.

"काय?"

"इथे, माझ्यासमोर. कूलरकडे पाहू नको. सकाळी डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"ठीक आहे म्हणाले. ऑक्सिजन सुरू आहे. जेवतेय थोडंथोडं."

"पूर्ण कल्पना दिली म्हणे. जेवते याची कल्पना देतात का कोणी?"

"बाबा, वेळ जाईल. कॉल जाईल. तुम्ही वाचा, मी नंतर सगळं सांगते."

"नंतर सांगशील ते नंतर मिळालेली माहिती. वाक्यात 'देण्यात आली आहे' असं आहे."

मला रडू येत होतं आणि हसूही. मी चाळीस वर्षांची होते, वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि हॉलच्या मधोमध वडिलांसमोर हात बांधून उभी होते. दाराबाहेर बांबू. खिडकीत कूलर. टेबलावर उलटा फोन, आणि त्याच्या आत कुठेतरी आई, तोंडावर मास्क, वर पाहत, आमची वाट बघत. मी सांगितलं असतं तर बाबांचा चेहरा नानासमोर झाला तसा झाला असता. नाही सांगितलं तर चेहराच दिसला नसता.

"हेमा."

"मला सांगता येत नाही."

"का?"

"नाही येत."

"कोणी अडवलं?"

मी फरशीकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी?"

"नाही."

"मग तिनं." बाबा खुर्चीत मागे टेकले. "शपथ घातली का तुला?"

घातली होती. अँब्युलन्स आली तेव्हा, जिन्यात, बाबा वर तिची चादर आणायला गेले असताना. आईनं माझं मनगट पकडलं. हात तापलेला होता. "मले नळीगिळी टाकाचं म्हनलं तं त्याहिले सांगू नको. त्याहिचं ते तोंड पाहून मले आत नाई जाचं. नानाचं पाह्यलं ना तू? साधं बोलू दे त्याहिले माह्याशी. भांडू दे. माह्या गळ्याची शपथ हाये तुले, हेमे."

गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घातली त्याचं बरंवाईट होतं. लहानपणी आम्ही खेळताना सुद्धा त्याला घाबरायचो. मी मुलांना फुफ्फुसांची आकृती काढायला शिकवते. पण त्या दुपारी, त्या हॉलमध्ये, आईच्या गळ्यात नळी जाणार होती आणि मी तिच्याच गळ्याची शपथ मोडायची होती. माझं तोंड उघडेना.

बाबा या असल्या शपथांना हसत. "कोर्टात चालत नाहीत," म्हणत. त्या दिवशी हसले नाहीत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तू सांगायचं नाही. शपथ सांगू नको अशी आहे ना? मग बोलतो मी. खोटं असेल तिथे तू फक्त नाही म्हण. खरं असेल तिथे गप्प राहा. गप्प राहणं म्हणजे सांगणं नव्हे. मी पाहिलंय, त्यावर मोठमोठे वकील दिवस दिवस भांडलेत."

"बाबा—"

"तिला घरी सोडणार आहेत."

"नाही."

"साध्या वॉर्डात नेणार आहेत."

"नाही."

"आहे तसंच चालू राहणार आहे."

"नाही."

"औषध बदलणार आहेत. महागाचं इंजेक्शन."

"नाही."

बाबा माझ्याकडे पाहत होते. कोर्टात ते साक्षीदाराकडे असेच पाहत असतील, चिडून नाही, नुसतं ऐकत. त्यांनी ओठ ओले केले. तो शब्द यायला वेळ लागला.

"नळी टाकणार आहेत."

कूलरच्या पंपानं पाणी ओढलं. पाणी गवतावरून खाली टपकलं.

मी गप्प राहिले.

"उद्या."

"नाही."

"रात्री."

"नाही."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आता मला काही म्हणायचं नव्हतं आणि त्यांनाही विचारायचं नव्हतं. त्यांचा चेहरा बदलू लागला. नानासमोर झाला होता तिकडे निघाला. मी बघत होते. गाल सैल झाले, हनुवटी हलली—

ते उठून न्हाणीघरात गेले. नळ सुरू झाला. बराच वेळ सुरू राहिला.

बाहेर आले तेव्हा केस ओले करून मागे फिरवले होते आणि बनियनवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वरचं बटण लावत म्हणाले, "तू शपथ मोडली नाहीस. एक शब्द बोलली नाहीस. दे फोन."

*

"मी, रामकृष्ण सीताराम काळमेघ, रुग्ण इंदुमती रामकृष्ण काळमेघ यांचा पती, वरील सर्व सूचना वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत. रुग्णाच्या प्रकृतीची संपूर्ण माहिती मला देण्यात आली आहे. पुढील उपचारांचे परिणाम मला मान्य असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही."

आवाज कुठेही हलला नाही. प्रत्येक शब्द सुटा. चौकट हिरवीच राहिली.

धन्यवाद. आपण जोडले जात आहात.

*

आधी छत दिसलं. मग एका सिस्टरचा हातमोजा. मग आई. मास्कनं चेहऱ्याचा बराच भाग खाल्लेला, डोळे मोठे दिसत होते.

"जेवले का?" आई म्हणाली. आवाज डब्यातून आल्यासारखा.

"जेवलो. खिचडी. तुझ्या लेकीनं केलेली. मिठाचा पत्ता नव्हता."

"मंग वरून घ्याचं. हात नाईत का?"

"मीठ कुठे ठेवलं ते तुला माहीत. घर सोडून गेली ते चार्ज न देता गेली."

आईच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या आल्या. "कूलर लावून बसले ना? आवाज येऊन राह्यला मले."

"मग काय करू? बाहेर निखारे पडताहेत."

"खोकला हाये न कूलर! हेमे, बंद कर व तो!"

"कोणी हात लावायचा नाही कूलरला," बाबा म्हणाले. "तू तिकडे एसीत पडायचं आणि आम्ही इथं भाजून निघायचं? हे कोणत्या कायद्यात?"

"एसी! इकडं येऊन पाहा म्हनलं मंग, कसा एसी हाये थो!"

"येऊ? बांबू बांधलेत दाराशी. तुझ्या माहेरच्या लोकांसारखा उडी मारून येऊ का?"

आई हसली. मास्क धुरकट झाला, आत काही दिसेना. मागून सिस्टरचा आवाज आला, "काकू, हसू नका, लेव्हल खाली येते. काका, तुम्ही हसवू नका हो."

"मी हसवत नाही, मी तक्रार करतोय," बाबा म्हणाले.

मी बाजूला उभी होते. बाबांचा फोन धरलेला हात मला दिसत होता, फोनच्या मागून. आईला दिसत नव्हता. दुसऱ्या हातानं त्यांनी त्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं.

"मी आली का लोणचं घालतो," आई म्हणाली. मधे श्वास घेतला. "कैऱ्या सांगून ठेवजा."

"लवकर ये. पिकल्यावर येशील तर मुरंबा करावा लागेल, आणि तुझा मुरंबा मी खाणार नाही."

"इतके वर्ष खाल्ला थो?"

"नाइलाजानं."

मग आई नुसती पाहत राहिली. मला वाटलं चित्र अडकलं.

"अहो."

"हं."

"तुमाले डॉक्टरनं काई सांगतलं का?"

"काय सांगायचंय?" बाबा कॅमेऱ्यात पाहत म्हणाले. "ठीक आहे म्हणे. दोन-चार दिवसांत साध्या वॉर्डात देतो म्हणे. तिथे तरी नीट वागत जा, सिस्टरला त्रास देऊ नको."

"बरं. हेमाले देजा."

मी फोन घेतला. आईनं भुवया उंचावल्या. मी मान हलवली: नाही. त्यांना माहीत नाही.

तिनं डोळे मिटले. मास्कच्या आत तिचे गाल वर गेले.

कॉलची वेळ संपली आहे. आपला अनुभव कसा होता? कृपया तारे द्या.

*

बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला. पुन्हा बनियनवर बसले.

"हेमा. मला माहीत होतं हे तिला कळता कामा नये. आज नाही, कधीच नाही."

"हो."

"हो नाही. शपथ घे."

"ईश्वरसाक्ष—"

"ती नको." त्यांनी माझा हात घेतला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. तिथली कातडी गार होती, पाण्यानं. "ही घे."

मी घेतली.

मग त्यांनी तो चेहरा केला. मघाशी न्हाणीघरात नेऊन ठेवलेला. संध्याकाळ होईपर्यंत तो उतरला नाही. मी कूलर बंद केला नाही.

*

आई परत आली.

असं होत नव्हतं त्या दिवसांत, पण झालं. महिन्याहून जास्त लागलं. खुर्चीत बसवून जिना चढवला. आवाज बसलेला, तो कायमचाच बसला. आल्या आल्या मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "सुटली व तुही शपथ." शपथ घालणाऱ्यानंच सोडवायची असते. तो शब्द तोंडानं म्हणावा लागतो.

पाहुणे येऊ लागले की ती सांगायची, "मले इकडं नळी टाकून राह्यले होते, न याहिचं काय सुरू, तं मिठावरून भांडण! कूलरवरून भांडण! पत्ताच नाई या मानसाले!" लोक हसत. सांगताना ती बाबांकडे पाहायची. बाबा ताटाकडे पाहत जेवत राहायचे. एकदाच म्हणाले, "तुम्ही लोक लपवता, मग आम्हाला पत्ता कसा लागणार?"

दोन वर्षांनी बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. 'शपथ सुटली' असं मला म्हणायचं त्यांचं राहून गेलं, किंवा त्यांना म्हणायचंच नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आई आणि मी त्यांचे कपडे वेगळे करत बसलो होतो. काही द्यायचे, काही ठेवायचे. पाहुणे गेले होते. घरात आम्ही दोघीच.

"हेमे, एक विचारू? खरं सांगजो."

"विचार."

"त्या दिवशी फोनवर. त्याहिले माहीत होतं का व?"

मी हातातल्या धोतराची घडी केली. मोडली. पुन्हा केली.

"नाही."

"पक्कं?"

"नाही माहीत होतं, आई."

तिच्या मांडीवर शर्ट होता, त्याची कॉलर बोटांनी सरळ करत राहिली.

"तू तवा मान हालवली, तरी मले वाटे, का माहीत असन," ती म्हणाली. बसलेल्या आवाजात, सावकाश. "नळीत होती ना मी, तवा मधामधात शुद्ध ये. काई दिसे नाई, बोलता ये नाई. तवा मी हेच धरून होती. म्हनलं, या मानसाले सारं माहीत हाये न हा माह्यासंगं भांडला. जल्मात खोटं नाई बोलला, न माह्यासाठी बोलला. म्हनलं, अशा मानसाकडं वापस जाच लागते." ती हसली. "इतके दिवस तेच धरून होती. त्याहिले विचाराचा लय डाव विचार केला. ते असतानी हिंमत नाई झाली. म्हनलं, नाई म्हनले तं?"

मी तिच्याकडे पाहत होते. धोतर तसंच माझ्या हातात होतं.

"पन नाई," आई म्हणाली. "नव्हतं माहीत. साधंच भांडले."

तिनं शर्टाची घडी केली, हातानं दाबून सारखी केली, आणि द्यायच्या ढिगावर ठेवली.

"तू कायले रडतं व?" ती म्हणाली. "बरंच झालं ना. उगा तरास झाला असता त्याहिले."